हसन सारंगांचे हात

जहाजाला ब्रेक असतो का, हा प्रश्न मला आमच्या गावात किमान शंभर जणांनी विचारला असेल. नसतो. भरलेलं तेलवाहू जहाज थांबवायचं तर इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट बघत बसायचं. निलंग्याच्या बसस्टँडवर ब्रेक मारावा आणि गाडी दोन गावं ओलांडून उभी राहावी, असा तो मामला आहे. हे मी आमच्या न्हाव्याला समजावून सांगितलं तेव्हा त्याचा वस्तरा माझ्या गालावरच थांबला. "मंग चालवत्यात कशापायी असली गाडी?" असं त्याने अगदी मनापासून विचारलं. मी गप्प बसलो. वस्तरा त्याच्या हातात होता.

लातुरात निघणाऱ्या या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला समुद्रावरचं काहीतरी रंगतदार लिहून मागितलं आहे. रंगतदार म्हणजे देवमासे, परदेशी बंदरं, वादळं. ते सगळं मी पाहिलं आहे आणि त्यातलं बरंचसं आता विसरलोही आहे. जे विसरलो नाही, ते रंगतदार नाही. मी या धंद्यात एक मोठी चूक केली आणि तिच्यापायी एका माणसाचे हात गेले. तो माणूस माझ्या पाहण्यातला सगळ्यात मोठा दर्यावर्दी होता. त्याच्याबद्दल लिहायचं तर चूक झाकून लिहिता येत नाही, म्हणून दोन्ही लिहितो.

आधी माझं काम सांगतो. मी पंपमन होतो. तेलाच्या जहाजाच्या पोटात मोठमोठ्या टाक्या असतात. त्यांत तेल घ्यायचं, एकीतून दुसरीत फिरवायचं, बंदरात उपसून द्यायचं, हे सगळं पंप, पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्या जोरावर चालतं. डेकवर कुठेही बघा, पाइपच पाइप, आणि पाइपांवर व्हॉल्व्हची चाकं. कोणता व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत उघडतो, कोणता कडक आहे, कोणता उघडलेला दिसतो पण नसतो, हे पंपमनच्या हाताला माहीत असावं लागतं. मी नांदेडला आयटीआय करून लातूरच्या एका तेलगिरणीत फिटर होतो. तिथून एका ओळखीच्या ओळखीने मुंबईला गेलो आणि शेंगदाण्याच्या तेलावरून खनिज तेलावर आलो. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कामावर रुजू व्हायच्या दिवशी. एवढं पाणी आणि कुणी राखणीला नाही, हे बघून मला खरंच धक्का बसला होता.

डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग. आमचे सारंग हसन म्हणून होते, रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. चणीने बारीक, पांढरी आखूड दाढी, पायात कायम जुने बूट. शिक्षण चौथीपर्यंत. पण त्यांच्या हातात दोर आला की बघत राहावं. दोन जाड दोरांची टोकं ते अशी एकमेकांत गुंफायचे की जोड कुठे आहे ते बोट फिरवून शोधावं लागे. सगळं जहाज त्यांना चाचा म्हणे. मला ते लातूरकर म्हणत आणि खुशीत असले की दुष्काळ्या म्हणत.

"काय रे दुष्काळ्या, तुमच्याकडे नदी हाय का?"

"हाय की. मांजरा हाय, तेरणा हाय."

"पाणी?"

"ते न्हाई."

यावर ते इतके हसायचे की खोकला लागायचा.

त्या काळात आखातात दोन देशांचं युद्ध चाललं होतं. जमिनीवरची लढाई समुद्रात उतरली आणि एकमेकांचं तेल बाहेर जाऊ नये म्हणून तेलाच्या जहाजांवर मारा सुरू झाला. जहाज तिसऱ्याच देशाचं, खलाशी चौथ्याच देशाचे, तरी मार आम्हाला. आमच्याकडे बंदूक नाही, पळायला वेग नाही आणि ब्रेक नसतो ते सांगितलंच आहे. लढाईवर गेलेल्या सैनिकाचं कौतुक होतं, ते व्हायलाच पाहिजे. पण हातात पाना आणि झाडू घेऊन त्याच पाण्यातून जाणाऱ्या भंडाऱ्याचं, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक्याचं, किंवा इंजिनाला तेल घालणाऱ्या तेलवाल्याचं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही. त्या माणसांनी तेल आणलं म्हणून इथे कंदील आणि मोटारी चालल्या. हे मी आज जरा जोरातच सांगतो.

आखातात शिरलो की हसन सारंगांचा कायदा लागू व्हायचा. अंगावर कपडा सुती. "नायलॉन पेटला की अंगाला चिकटतो, मग कातडी घेऊनच निघतो," असं म्हणून त्यांनी माझा एक झकास नायलॉनचा शर्ट स्वतः समुद्रात टाकला होता. झोपायचं ते आतल्या बोळात, बाहेरच्या भिंतीलगतच्या खोलीत नाही. बुटांच्या नाड्या सैल, जाकीट उशाला. घरचा पत्ता कॅप्टनकडच्या यादीत नीट आहे का, हे प्रत्येकाने स्वतः बघायचं. माझ्या पत्त्यात जिल्हा उस्मानाबाद होता. आमचा लातूर जिल्हा नवा झाला आहे, हे मी सांगितल्यावर सारंगांनी मला हाताला धरून वर नेलं आणि पत्ता बदलून घेतला. "तार चुकीच्या जिल्ह्यात फिरत राहिली तर तुझ्या बाईनं किती दिवस वाट बघायची?" असं ते म्हणाले. मला तेव्हा ते अपशकुनी वाटलं होतं.

हजेरी घ्यायची त्यांची पद्धतही वेगळी होती. भोंगा झाला की सगळे मागच्या डेकवर जमायचे. सारंग नाव पुकारत नसत. "नाव घेतलं की बाजूचा पण 'हो' म्हणतो," असं त्यांचं म्हणणं. ते एकेकाच्या खांद्याला हात लावत जायचे आणि मनात मोजायचे. कवायत असली तरी हात लावायचेच. वयाने मोठे असलेले इंजिनिअर साहेबसुद्धा खांदा पुढे करायचे.

आणि शेवटचा कायदा सगळ्यात कडक. आग विझवायच्या पाण्याची एक स्वतंत्र लाइन डेकभर फिरलेली असते. समुद्राचं पाणी पंपाने तिच्यात सोडतात. एरवी तो पंप गरजेपुरता चालवतात, पण आखातात तो रात्रंदिवस चालू आणि होजपाइप जोडून अंथरून ठेवलेले. तोंड उघडलं की पाणी आलंच पाहिजे. "ह्या पाण्यात असेपर्यंत ह्या लाइनला कुणी हात लावायचा नाय. काय बिघडलं असेल ते बाहेर पडल्यावर." रोज न्याहारीच्या आधी ते स्वतः टोकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक नळ क्षणभर उघडून बघत.

अशा दोन फेऱ्या झाल्या आणि मी सुट्टीवर गावी आलो. दुष्काळाचं दुसरं की तिसरं वर्ष होतं. नव्या जिल्ह्याच्या पाट्या रंगवून ताज्या होत्या, लातुरात नवीन साहेब लोकांची वर्दळ होती. "कलेक्टर आला, एसपी आला, पाऊस तेवढा न्हाई आला," असं पारावरचे म्हातारे म्हणत होते. आमच्या विहिरीच्या तळाशी मुलं गोट्या खेळत होती. गावात दोन दिवसांआड पाण्याची गाडी यायची. माझी बायको सुमन कंधारची, तिला तळ्याकाठची सवय. तीसुद्धा आता शिकली होती. पोराला परातीत बसवून अंघोळ घालायची, ते पाणी गाळून भांड्याला, भांड्याचं पाणी लिंबाच्या झाडाला. अव्वा, म्हणजे माझी आई, घागर रिकामी झाल्यावर तिला उलटी धरून उभी राहायची. शेवटचा थेंब पडेपर्यंत हलायची नाही. मी पहिल्याच दिवशी हातपाय धुवायला बसलो तर ओरडली, "शिवा, हात धुवून राहिलास का नदीत उभारलास? लई झालं, ऊठ."

महिन्याभरात मीही तसाच झालो. कुठे पाणी टपकताना ऐकू आलं की माझी झोप मोडायची.

पुन्हा बोलावणं आलं तेव्हा कंपनीने एक कागद पुढे ठेवला. युद्धाच्या पाण्यात मी आपल्या खुशीने जातो, असं त्यावर लिहिलेलं. हे मी सुमनला आधीच सांगितलं होतं.

"न्हाई म्हणता येतंय का?" तिने विचारलं होतं.

"येतंय."

"मंग म्हणा की."

"मी न्हाई म्हणलो तर दुसरा जाईल. आन् चाचा चाललेत."

"चाचाला लेकरंबाळं न्हाईत का?"

"पाच हायेत."

मुंबईला जाऊन मी सही केली. भत्ता जास्त होता आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं हे खरंच, पण हसन सारंग ज्या जहाजावर आहेत त्याला काही होत नाही, असं मला तेव्हा अगदी पक्कं वाटायचं.

आता चुकीकडे येतो. तेल भरून आम्ही आखातातून बाहेर निघालो होतो. जहाजाच्या नाकाकडचा, अगदी पुढचा जो आगीचा नळ होता, तो गळत होता. आतला वायसर गेला होता. नळ पूर्ण बंद केला तरी करंगळीएवढी धार चालू. ती डेकवरून ओघळत जाऊन कडेच्या भोकातून समुद्रात पडायची. दोन दिवस मी ती धार बघत होतो. माझं काम पुढच्या टाक्यांकडे, त्यामुळे दिवसातून दहा वेळा तिच्यावरून पाय टाकावा लागे. पाणी खारं आहे, ते समुद्राचं आहे, समुद्रातच चाललं आहे, हे सगळं मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. ती धार दिसली की डोळ्यापुढे अव्वाची उलटी घागर यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सारंग आपली फेरी मारून गेले. त्यांनी तो नळ उघडून बघितला, पाणी धो धो आलं, ते समाधानाने न्याहारीला गेले. त्यांच्या मागून मी पुढे आलो. नळाला हात लावून फायदा नव्हता, कारण गळका तोच होता. पण चाळीसेक पावलं मागे त्या लाइनवर एक व्हॉल्व्ह होता. तो फिरवला की पुढच्या भागाचं पाणी तुटतं. मी मनाला सांगितलं की वायसर तर बदलायचाच आहे, तोवर बंद ठेवू, दुपारी उघडू. चौदा फेरे फिरवले. पुढे जाऊन बघितलं, धार थांबली होती. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर चांगलं काम केल्यासारखं वाटलं. मग मला पंपरूममध्ये बोलावलं आणि मी तिथे अडकलो.

अकराच्या सुमारास भोंगा झाला. एक छोटी वेगवान बोट सूर्याच्या बाजूने आली होती. कुणाची होती ते तेव्हा कळलं नाही आणि आजही मला छातीठोक सांगता येणार नाही. तिने तीन-चार अग्निबाण मारले. दोन पाण्यात गेले, एक आमच्या नाकाच्या बाजूला घुसला आणि बोट निघून गेली. सगळा खेळ मिनिटा-दोन मिनिटांचा.

आम्ही मागच्या डेकवर जमलो. हसन सारंग खांद्यांना हात लावत शेवटापर्यंत गेले आणि परत फिरून पहिल्यापासून मोजू लागले. तसं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

"एक कमी हाय," ते म्हणाले. "कसाब कुठे?"

कसाब म्हणजे सामानाच्या कोठाराचा माणूस. आमचा कसाब गोव्याचा मिंगेल. तो ब्रश आणायला पुढच्या रंगाच्या खोलीत गेला होता. ती खोली नाकातच आहे, जिथे अग्निबाण लागला होता तिथेच. तिकडून काळा धूर येत होता.

सारंग धावले. त्यांच्या मागे दोन खलाशी आणि मी. रंगाच्या खोलीला लोखंडी दार असतं, त्याला चार कोपऱ्यांत चार मुठी. त्या फिरवल्या की दार सुटतं. धक्क्याने दार आपटून मुठी अडकून बसल्या होत्या, आत रंग पेटला होता आणि दारावरचा रंग फोड येऊन सोलत होता. आतून मिंगेल दार वाजवत होता. रीत अशी की आधी दारावर पाणी मारून ते गार करायचं, पाण्याचा पडदा धरून मगच उघडायचं. होजपाइप तयारच होता. सारंगांनी पाइपाचं तोंड दारावर रोखलं आणि पाणी सोडलं.

पाइपात उरलेलं पाणी बादलीभर आलं. मग हवा सुटली. मग काहीच नाही.

सारंगांनी पाइपाकडे बघितलं. त्या माणसाने रोज सकाळी स्वतः उघडून बघितलेला नळ होता तो. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न समजणं होतं. मी उलटा फिरून पळत सुटलो. मागून कुणीतरी "पळाला, पळाला" म्हणून शिवी दिली. मी आगीकडे पाठ करून पळत होतो, त्यामुळे त्याचंही चुकलं नव्हतं. चाळीस पावलं. चाक हातात धरलं. एक, दोन, तीन. जे चाक मी सकाळी गाणं गुणगुणत फिरवलं होतं, ते आता संपेना. सात फेऱ्यांवर पाइप गुरगुरला. चौदा झाल्यावर मान वर केली.

सारंग थांबले नव्हते. आतून दार वाजवणं बंद झालं होतं. त्यांनी अंगातला शर्ट काढून, दुहेरी करून पहिली मूठ फिरवली. शर्ट जळाला. उरलेल्या तीन त्यांनी उघड्या हातांनी फिरवल्या. तापलेलं लोखंड. तिथे असलेल्या खलाशाने मला नंतर सांगितलं, की ते तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, ओरडले मात्र नाहीत. दार सुटलं, ते आत वाकले, मिंगेलला काखेत धरून ओढलं आणि बाहेर पडले. त्याच वेळी पाणी आलं. इतक्या जोरात आलं की खलाशाच्या हातातून पाइप निसटला.

अर्ध्या तासात आग आटोक्यात आली. तिच्या मागच्या टाक्यांत काठोकाठ तेल होतं आणि आम्ही सत्तावीस माणसं होतो, एवढं सांगितलं की पुरे. मिंगेल वाचला. त्याच्या छातीत धूर गेला होता आणि भुवया गेल्या होत्या. हसन सारंग डेकवर बसून होते, दोन्ही हात वर धरून, दुआ मागायला बसल्यासारखे. तळव्यांकडे मी एकदा बघितलं. पुन्हा बघवलं नाही.

जहाज एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं. सारंगांना आणि मिंगेलला किनाऱ्यावर इस्पितळात नेलं. कॅप्टनने चौकशी केली. पाणी का आलं नाही? पुढची लाइन धक्क्याने काही ठिकाणी वाकली होती. ते बघून त्यांनी तर्क केला, की धक्क्याने लाइनमध्ये अडथळा आला असावा, मग दाब वाढून तो निघाला. तसं त्यांनी लॉगबुकात लिहिलं. मी तिथे टोपी हातात धरून उभा होतो. तोंड उघडलं नाही. माझ्या ओळखपुस्तकात एक वाईट शेरा पडला असता की मला कुणी जहाजावर घेतलं नसतं, आणि गावात सहा तोंडं माझ्याकडे बघत होती. कारण खरं होतं. तरी भित्रेपणा तो भित्रेपणाच.

दोन दिवसांनी मला होडीने किनाऱ्यावर जायला मिळालं. सारंग खाटेवर बसले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. मी पायाशी उभा राहिलो आणि वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो.

"चाचा, मला तुमाला एक सांगायचंय."

"व्हॉल्व्ह तू बंद केलास," ते म्हणाले.

मी खाटेच्या दांडीला धरलं.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? इथे पडून दुसरं काय केलं मी? सगळं जहाज डोळ्यापुढून फिरवलं. आम्ही सगळे समुद्राच्या काठची माणसं, मेल्या. कोकणातले, गोव्यातले, कच्छी. खारं पाणी वाया चाललंय म्हणून जीव तुटणारा त्या जहाजावर एकच माणूस हाय."

मी रडलो. लाज नाही वाटत सांगायला, मोठ्याने रडलो. दुसऱ्या खाटेवरचा मिंगेल तोंड फिरवून झोपल्याचं सोंग करत होता. म्हणजे त्यालाही कळलं होतं.

"चाचा, मला मारा, शिव्या द्या."

"हात मोकळे नायत," ते म्हणाले. "हे बघ. मला सांगून काय उपयोग? माझं व्हायचं ते झालं. कप्तानानं काय लिहिलं?"

मी सांगितलं.

"म्हणजे सगळ्यांना वाटणार, लाइन धक्क्यानं गेली. मग दुसऱ्या जहाजावर असा एखादा दुष्काळ्या असेल त्याचं काय? तिथे पण कोण तरी दार उघडायला उभा असणार हाय. जा, कप्तानाला सांग. नोकरी जाईल. गेली तर गेली. मी काय तुला पोसायला नाय येणार, पण जा."

त्यांच्या आवाजात दया नव्हती आणि राग पण नव्हता. सकाळच्या कामाची वाटणी करतानाचा तो आवाज होता.

मी होडीतून परत आलो आणि तसाच कॅप्टनसमोर गेलो. बसून सांगितलं नाही, उभ्याने सांगितलं. धार, घागर, चौदा फेरे, सगळं. कॅप्टन फार न बोलणारा माणूस. त्यांनी लॉगबुक उघडलं. जहाजाच्या लॉगबुकात लिहिलेलं कधी पुसत नाहीत. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही करायची आणि पुढे खरं लिहायचं. त्यांनी रेघ मारली, सही केली, खाली माझ्या नावासकट खरं लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. मीही सही केली. सही करताना मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

मला काढतील असं धरून मी बॅग भरून ठेवली होती. काढलं नाही. एक वर्ष पंपमनच्या हाताखालचा माणूस म्हणून काम करायला लावलं, ते कमीच झालं. पण काही महिन्यांनी कंपनीच्या सगळ्या जहाजांवर हुकूम आला. आगीच्या लाइनवरचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून त्यांच्या चाकांना साखळी घालायची, लाल रंग द्यायचा आणि चावी कॅप्टनजवळ. मी पुढे वीस वर्षं जहाजांवर होतो. साखळी दिसली की मी तिला हात लावून बघायचो, नीट आहे ना म्हणून. ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत मुकाट पुढे जायलाही मी शिकलो. साखळीचा हुकूम यायला लागले, त्याहून जास्त दिवस मला ते शिकायला लागले.

हसन सारंग पुन्हा जहाजावर आले नाहीत. हात बरे झाले पण बोटं मिटेनात. दोर धरता येत नाही तो सारंग कसला, असं त्यांनीच कंपनीला कळवलं म्हणे. मी पत्रं लिहिली, उत्तर यायचं ते त्यांच्या मुलाच्या हातचं, दोन ओळींचं. भेटायला जायचा धीर मला कितीतरी वर्षं झाला नाही. दर सुट्टीत ठरवायचो आणि लातूरला गंजगोलाईच्या बाजारातून त्यांच्यासाठी उडदाची डाळ आणि शेंगदाण्याचं तेल घ्यायचो. ते सुमन शेवटी घरात वापरून टाकायची. एकदा तीच वैतागली. "आवो, त्या माणसानं तुमाला जितं सोडलं आन् तुमी तोंड लपवून राहिलाव. उठा, म्या बी येते."

गेलो. खाडीकाठचं लहान कौलारू घर. अंगणात जाळी वाळत घातलेली. सारंग पडवीत बसले होते. दाढी लांब झाली होती, बूट मात्र तसलेच. मला बघून त्यांनी हाक मारली, "लातूरकर!" आणि घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं. बायको, मुलगे, सुना, नातवंडं, शेजारचेही दोघं-तिघं. मी पिशवी छातीशी धरून उभा. त्यांच्या बायकोने पदर नीट करत माझ्याकडे निरखून पाहिलं.

"हेच का ते?" तिने नवऱ्याला विचारलं.

मी मान खाली घातली. हा दिवस येणारच होता. या घरात माझं नाव कशासाठी निघत असेल हे मला ठाऊक होतं, आणि त्या बाईला जे बोलायचं असेल ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

"हाच तो," हसन सारंग म्हणाले. "स्वतःच्या पायानं कप्तानाकडे जाऊन खरं सांगणारा."

म्हातारीने पुढे होऊन माझ्या हातातली पिशवी घेतली आणि सुमनला आत नेलं. चहा आला. सारंगांनी आपला पेला दोन्ही तळव्यांमध्ये धरून उचलला, बोटं ताठच होती, आणि मला म्हणाले, "पी की, मेल्या." मी पेला हातात धरून त्यांच्या बोटांकडेच बघत राहिलो. तो चहा तसाच गार झाला. त्यांच्या सुनेने न विचारता दुसरा करून आणला.